शिकवलेला शब्द

माझ्या थोरल्या बहिणीची वाचा दुसऱ्या बाळंतपणात गेली. मूल जन्मले, तिला ताप चढला, डोके दुखते म्हणून ती कण्हत राहिली आणि एका सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडली. मूल त्याच आठवड्यात दगावले. पहिलेही तान्हेपणीच गेले होते. तिला आम्ही अक्का म्हणत असू. तेव्हा ती पंचविशीत होती. तिचे सासर पुसेगावला, आमचे घर साखऱ्यात. दोन्हीकडे मेंढरे आणि थोडी कोरडवाहू जमीन. मुलूख निजामाचा होता आणि तिकडे विलायतेत मोठी लढाई सुरू झाली होती.

महिन्याभराने पाय चालू लागला. हातही बराचसा आला, फक्त मूठ घट्ट वळत नव्हती. वाचा मात्र आली ती एका शब्दापुरती. तो शब्द ‘व्हय’. भूक लागली का, व्हय. जेवलीस का, व्हय. दुखतं का, व्हय. मान कधी उभी हले, कधी आडवी, आणि मनातल्या उत्तराशी तिचा मेळ नसे. चूक तिला कळत होती. शब्द बाहेर पडला की तिचा चेहरा बदले, ती डाव्या हाताने हवेत काही पुसून टाकल्यासारखे करी आणि पुन्हा तोंड उघडी. पुन्हा ‘व्हय’च येई. मग ती उठून जाई.

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली. एका इस्पितळाच्या बातमीसाठी गेलो असता तिथल्या डॉक्टरांकडून या अवस्थेचे नाव कळले : वाचाघात. मेंदूला एका बाजूने इजा झाली की माणसाची समज पुष्कळशी शाबूत राहते, जीभही बरी असते, पण हवा तो शब्द हवा तेव्हा सापडत नाही. वर्षानुवर्षे सराव करून घेतला तर काही परत येते. असा सराव करून घेणारी शिकलेली माणसे आता असतात. साखऱ्यात ते काम माझ्या आईने केले. ते कसे केले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

पुसेगावात वर्षभर उपाय झाले. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावला. अक्कलकाऱ्याची मुळी चावायला दिली. त्याने तोंडाला फेस आला, शब्द आला नाही. देवऋष्याने लिंबे उतरवली आणि बाई भलत्या झाडाखालून गेली होती असे सांगितले. वर्ष संपल्यावर तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, तिला साखऱ्याला आणून सोडले.

“बरी झाली की धाडा,” ते म्हणाले.

“आन् न्हाई झाली तर?” मायने विचारले.

दाजींनी बैलाच्या गळ्यातली दोरी सारखी केली आणि गाडी वळवली.

बाप आधीच वारला होता. तो होता तोवर जातीच्या पंचांत बसत असे. त्याच्यामागे कळप माय सांभाळत होती. मी हिंगोलीत उर्दू शाळेत शिकून तिथेच एका आडतीवर कामाला लागलो होतो. नंतर हिवतापाने अंथरूण धरले आणि गावी परतलो. त्यामुळे पुढचे बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडले.

आमची लोकर आखाडा बाळापूरचा एक मुसलमान व्यापारी घेत असे. त्याच्या घराण्यात हा धंदा तीन पिढ्यांचा. लढाईमुळे लष्कराच्या कांबळ्यांसाठी लोकर उचलली जात होती, म्हणून तो आता कातरणी नसतानाही फेरी मारी. अक्काला त्याने लहानपणापासून पाहिले होते.

“कैसी है बेटी?” त्याने विचारले.

“व्हय,” अक्का म्हणाली आणि आत गेली.

“एकच बोलती, भाई,” माय म्हणाली. “कायबी इचारा, व्हय.”

“फिर तो मैं लोकर का सौदा इसीसे करता.”

“करा की. पर मंग माल उचलायला मला इचारावं लागंल.”

तो हसला. मग हसणे थांबवून त्याने आपल्या चुलत्याची हकिगत सांगितली. चुलत्याच्या अंगावरून असेच वारे गेले होते. “पानी मांगना नई आता था. मगर नमाज पूरी पढते थे, एक हर्फ नई चुकता था. घर के लोगां बोले, बुड्ढा नाटक करता. अल्ला के सामने बोलता, हमारे सामने नई बोलता. गुस्से में कोई उनसे बात नई किया.”

“मंग?”

“मंग क्या. वैसेच मर गए.” त्याने घोंगडीवरची लोकर चिमटीत धरून ओढून पाहिली. “बाद में मेरेकू समझा. जो रोज का है वो मुँह से आप निकलता. जो सोच के बोलना है वो नई निकलता. नाटक नई था.”

 मायने त्याला ताक दिले आणि लोकरीचा भाव पाडू दिला नाही.

आमच्याकडे दिवसा मेंढ्या रानात जात आणि कोकरे घरामागे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात राहत. दिवस कलला की मेंढ्या परत येत, आणि मग प्रत्येक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली न्यावे लागे. मेंढी दुसरीचे कोकरू पाजत नाही, धडक मारते. गोंधळ झाला तर अशक्त कोकरे उपाशी राहतात आणि मरतात. हे काम बायकांचे. कोकरू काखेत घ्यायचे, मेंढीला हाक मारायची, ती कळपातून पुढे आली की खाली सोडायचे. भोरी, बांडी, काळतोंडी, कानतुटी, ठिपकी अशा त्या हाका. अक्का सहा-सात वर्षांची असल्यापासून हे करत आली होती. आजारानंतरही ती करत होती, एकही चूक न करता. पण मुकाट. हाक न मारता ती स्वतःच मेंढ्यांत शिरे आणि आई शोधून काढी.

व्यापारी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात मायने एक गोष्ट सुरू केली. कुंपणातून कोकरू ती स्वतः उचली आणि अक्काकडे देत नसे.

“कुणाचं हे?”

अक्का हात पुढे करी.

“हात नगं. कुणाचं ते सांग.”

“व्हय.”

“व्हय न्हाई. मेंढीला हाक मार.”

कोकरू तंगड्या झाडी. तिकडे मेंढ्या ओरडत. अक्काच्या गळ्याच्या शिरा फुगत. आम्हा कुणाला शब्द सुचवायची परवानगी नव्हती. मी एकदा ‘भोरी’ म्हणून गेलो तेव्हा मायने कोकरू माझ्या अंगावर टाकले. “तूच पाज मंग त्याला.” बराच वेळ झाला आणि काही आले नाही तर माय कोकरू सोडून देई आणि दुसरे उचली. रागावत नसे. तोंडभर कौतुकही करत नसे. बरोबर आले की कोकरू खाली सोडायचे, एवढेच बक्षीस.

पहिला शब्द आला तो ‘भोरी’. आधी काही दिवस नुसता ओठ मिटून सोडल्याचा आवाज होता. मग एका संध्याकाळी मायचे लक्ष दुसरीकडे असताना, आजाराआधी रोज मारायची तशीच लांब सूर काढून, पूर्ण हाक आली. भोरी पुढे आली. अक्काने तोंडावर हात ठेवला. मायने कोकरू सोडले आणि लगेच पुढचे उचलले.

न्हाई हा शब्द चुकून सापडला. आभाळ भरून आल्यामुळे लवकर अंधारले होते आणि मायने बांडीचे कोकरू काळतोंडीकडे नेले. अक्का धावली, मायचा हात ढकलला आणि म्हणाली, “न्हाई!”

माय तिथेच मातीत बसली. थोड्या वेळाने उठून तिने ते कोकरू बांडीला लावले. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम चुकू लागली. रोज चार-दोन कोकरे भलत्या मेंढीकडे न्यायची, आणि अक्का अडवीपर्यंत थांबायची. कधी अक्का नुसता हात धरी, कधी ‘व्हय, व्हय’ म्हणत मान हलवी. मग माय आणखी एक पाऊल पुढे टाकी, मेंढी डोके रोखी, आणि शब्द येई. पुढे पुढे तो सहज येऊ लागला.

शेजारची म्हातारी कुंपणावरून पाहत होती. “काय गं, डोळे गेले का तुझे? कोकरं वळखू येईनात?”

“न्हाई येत, बाई. पोरगी शिकवून राहिली मला.”

“मेंढराशी बोलती आन् माणसाशी न्हाई. हे कुठलं शिकणं?”

“तू मेंढरू हो, तुझ्याशीबी बोलंल.”

दोन वर्षांत अक्काकडे सगळ्या मेंढ्यांची नावे आली, आणि पाणी, माय, ये, जा, एवढे शब्द. न्हाई कोकरांजवळ नेमका पडे. उंबऱ्याच्या आत मात्र अजून सगळ्याला ‘व्हय’च होते. मायला त्याची घाई दिसत नव्हती. हे काम असेच चालायचे, असे तिने धरले होते.

मग दाजी आले. सोबत गुळाची ढेप आणली होती. ते वाईट माणूस नव्हते. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतले, अक्काची चौकशी केली, तिने ‘व्हय’ म्हटले, आणि ते बराच वेळ ढेपेचे गोणपाट दाबत बसले.

“मामी, मी दुसरी करून राहिलो,” ते शेवटी म्हणाले. “घरात माणूस पायजे. कळप वाढला. पोरबाळ न्हाई. किती दिस काढू?”

“पंचांना सांगितलं का?”

“सांगितलं.”

आमच्या जातीत तेव्हा दुसरी बायको करायला बंदी नव्हती, पण पहिलीला पाच पंचांसमोर विचारावे लागे. ती ‘आणा’ म्हणाली किंवा गप्प राहिली तर रुकार धरत. मग ती नवऱ्याच्या घरी, नवीच्या हाताखाली, जे मिळेल त्यावर राही. ती ‘न्हाई’ म्हणाली तरी नवरा दुसरी आणू शके, पण मग त्याला अर्धा कळप आणि एक खोली पहिलीच्या नावे कायमची तोडून द्यावी लागे. शब्द तोंडी हवा असे. मान हलवलेली चालत नसे, आईबापाने किंवा भावाने सांगितलेले चालत नसे.

म्हणजे अक्काचे उरलेले आयुष्य त्या एका शब्दावर होते. दाजींनाही ते ठाऊक होते.

“तिला काय इचारायचं, मामी,” ते म्हणाले. “तिला कळत न्हाई. येडी झाली ती. सगळ्याला व्हय म्हणती. पंचांच्या म्होरं उगा शोभा.”

“तिला समदं कळतं.”

“बोलता तर येत न्हाई.”

“येतं. पंचांना सांगा, तिला बराबर इचारा आन् तिचा शब्द धरा. मी सांगून राहिले, ती बोलती.”

पंचांनी तो निरोप ऐकला. मायच्या शब्दावर त्यांनी मान्य केले की बाई शहाणी आहे आणि तिचे बोलणे बोलणे म्हणून धरले जाईल. होळीच्या आधी पुसेगावला बसायचे ठरले.

आमच्या हातात साधारण दोन महिने होते. मायने कोकरांपासूनच सुरुवात केली. चुकीचे कोकरू चुकीच्या मेंढीकडे नेताना ती विचारी, “दुसरी बायकू आणू का?” अक्का हात धरी आणि म्हणे, “न्हाई.” मग कोकरू न उचलता, नुसते कुंपणाजवळ उभे राहून. मग ओट्यावर. तिथे पुन्हा ‘व्हय’ येऊ लागले. माय तिला परत कुंपणाशी नेई, कोकरू काखेत घेई, शब्द बाहेर आला की कोकरू तसेच काखेत ठेवून तिला ओट्यावर आणी. कोकरू सोबत असले की शब्दही सोबत येतो, असे तिच्या लक्षात आले होते. काही दिवसांनी कोकरू मागे राहू लागले आणि शब्द पुढे आला.

बायकांसमोर येतो पण पुरुषांसमोर येत नाही, हा पुढचा अडथळा. म्हणून मला बापाचे पागोटे बांधून पंच केले. मी ओट्यावर बसलो, आवाज जाड केला.

“बाई, तुझ्या धन्यानं दुसरी बायकू आणावी का?”

अक्काला हसू आवरेना. मायही हसली. “याला पंच कुणी केलं? पागोटं डोळ्यावर आलं याच्या.”

“तू गप, माय. म्हातारे पंच असेच दिसतात. बाई, बोल.”

“न्हाई,” अक्का म्हणाली.

रोज असे चाले. पाचही पंचांची जागा भरावी म्हणून माय पाट मांडी. मी एकेका पाटावर बसून त्याच प्रश्नाचे उत्तर घेई. आधी तिला शब्दाआधी थांबावे लागे, ओठांची तयारी करावी लागे. मग ते लागेनासे झाले. पागोटे दिसले, जाड आवाज ऐकला की ‘न्हाई’ तयार असे. एकदा मी पागोटे न काढताच तिला पाणी हवे का म्हणून विचारले. ती ‘न्हाई’ म्हणाली आणि तांब्या घेऊन घटाघट पाणी प्यायली. आम्ही तिघेही हसलो.

पुसेगावला मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीकडेला. दाजींकडची मंडळी होती, नव्या मुलीचा बाप होता. अक्काने डोक्यावरून पदर घेतला होता. तिला मध्ये बसवले. पाच पंच, पाच पागोटी. मुख्य पंच सत्तरीचा, आमच्या बापाबरोबर बसलेला.

बैठकीत विचारायचे प्रश्न दोन असतात. पहिला ओळखीचा : हा तुझा धनी का? तो नुसता रिवाज. बायका पदराआडून हुंकार देतात किंवा गप्पच राहतात आणि पंच पुढे जातात. खरा प्रश्न दुसरा. ज्यांच्या घरचा निवाडा नसे अशा बायकांना बैठकीला येऊ देत नसत, आणि मायने कधी तिथला क्रम पाहिला नव्हता. बाप असता तर त्याने सांगितले असते. मी त्याआधी एकाही बैठकीला गेलो नव्हतो.

मुख्य पंचाने दाजींना उभे केले आणि अक्काला विचारले, “बाई, हा हितं उभा हाय तो तुझा धनी व्हय का?”

“न्हाई,” अक्का म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. ऐकून माणसे हलली. दाजी एकदम म्हणाले, “अगं, मी हाय की!”

मुख्य पंचाने हात वर केला. नवऱ्याला नाकारणारा शब्द तीनदा विचारून घ्यावा लागतो. त्याने पुन्हा विचारले.

“न्हाई.”

मागून माय ओरडली, “थांबा! ते न्हाई! म्होरचं इचारा तिला, म्होरचं!”

“बाईमाणसानं मधी बोलू न्हाई.”

तिसऱ्यांदा विचारले तेव्हा अक्काने मान वर करून मायला शोधले. माय दिसल्यावर, सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत स्वच्छ, ती म्हणाली, “न्हाई.” तिच्या चेहऱ्यावर कुंपणाजवळचा भाव होता. कोकरू खाली सोडले जाण्याची ती वाट पाहत होती.

पंचांसमोर तीनदा नवरा नाकारणे म्हणजे बाईने स्वतः काडी मोडली. अशा बाईला कळपाचा हिस्सा नाही, खोली नाही. उलट लग्नात बापाने घेतलेले देज माहेराने परत करायचे. अक्काचे देज मेंढ्यांत होते.

मी उठलो. “काका, तिला आमी एकच शब्द शिकवला हुता. दुसऱ्या प्रश्नासाठी. तो पयल्यालाच आला.”

“शिकवला म्हंजे? पढवून आणली?”

“बोलायला शिकवली.”

म्हातारा रागावला नव्हता. त्याने दाढीखाली हात धरला आणि शांतपणे सांगितले. “आईक. शब्द पढवलेला असंल तर तो तिचा न्हाई. मंग ती मुकीच. मुकीचा रुकार धरावा लागतो. तिनं नवऱ्याच्या घरी राहावं, त्यानं दुसरी आणावी. आन् शब्द तिचा असंल, तर काडीमोड झाली. दोन्हीत अर्धा कळप न्हाई. तुमीच सांगा, काय धरू?” मग तो मायकडे वळला. आता तिला बोलायची परवानगी होती. “तू म्हणली हुतीस, ती बोलती. सांग, बाई. तुझी पोरगी बोलती का न्हाई?”

दाजी मायकडे पाहत होते. त्यांना कोणते उत्तर हवे होते ते मला तेव्हाही कळले नाही आणि नंतरही नाही. माय भिंतीजवळ उभी होती. मुकी म्हटले असते तर अक्काला पुसेगावात छप्पर होते, भाकरी होती, आणि ती तिथे मुकी म्हणून राहिली असती.

“बोलती,” माय म्हणाली. “शब्द तिचाच हाय.”

बैठक उठली.

परतीच्या वाटेवर अक्का गाडीत बसून होती. तिने दोनदा मायचा दंड धरून हलवला. माय म्हणाली, “बराबर बोललीस.” 

साखऱ्यात लोकांनी मायला बोल लावला. पोरीचे घर मोडले, अशी चर्चा झाली. शेजारची म्हातारी कुंपणाशी आली आणि काही न विचारता परत गेली. मी मायला कारण विचारले ते एकदाच, बऱ्याच दिवसांनी.

“मुकी म्हणून ठिवली असती,” ती म्हणाली, “तर तिथं तिच्याशी कुणी बोललंच नसतं. त्या भाईचा चुलता कसा मेला?”

“आन् हितं? तू गेल्यावर?”

ती मेंढ्यांची वाट बघायला कुंपणाकडे गेली.

देजाच्या मेंढ्या न्यायला दाजी पाडव्यानंतर आले. सोबत त्यांचा एक गडी होता. सकाळची वेळ होती, कळप अजून रानात गेला नव्हता. रीत अशी की घेणाऱ्याने मेंढ्या निवडायच्या आणि पिती कोकरे आईबरोबर जायची. दाजींनी मेंढ्या काढल्या. चांगल्या काढल्या, पण सगळ्याच चांगल्या काढल्या नाहीत. एक-दोन म्हाताऱ्याही घेतल्या. मग ते कोकरे उचलायला कुंपणात शिरले.

पहिलेच कोकरू त्यांनी चुकीचे उचलले.

“न्हाई,” अक्का म्हणाली. तिने ते त्यांच्या हातातून घेतले, खाली ठेवले आणि दुसरे दिले. “कानतुटी.”

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. गडी हसला. “वहिनी, हे कुणाचं?”

“बांडी.”

“आन् हे?”

“ठिपकी. न्हाई न्हाई... हे. हे ठिपकी.” तिने चूक स्वतःच सुधारली. असे तिने याआधी कधी केले नव्हते. ती भराभर चालत होती, कोकरू उचलत होती, मेंढीला हाक मारत होती, दाजींच्या हातात देत होती. त्यांनी घाईने दुसरीकडे हात घातला की ‘न्हाई’ येई आणि ते हात मागे घेत. आजारानंतर इतके बोलणे तिने एका वेळी कधी केले नव्हते. त्यात एकही ‘व्हय’ नव्हते.

माय कुंपणाबाहेर उभी होती. तिने काही विचारले नाही, काही सुचवले नाही.

शेवटचे कोकरू दिल्यावर दाजी माझ्याजवळ आले. “ही तर बोलती.”

“व्हय.”

“मला वळखून राहिली ना ती?”

“तुमाला काय वाटतं, दाजी?”

“मंग त्या दिशी काहून तसं म्हणली?”

माझ्याआधी मायने उत्तर दिले. “जावईबापू, उनं चढायच्या आत मेंढरं न्या. कोकरं लहान हायेत, तापत्या वाटंनं चालणार न्हाईत.”

नव्या मुलीशी त्यांचे लग्न तोवर लागले होते. त्यांनी गड्याला खूण केली. मेंढ्या निघाल्या.

अक्काने कोपऱ्यातली काठी घेतली, पदर खोचला आणि ती मेंढ्यांच्या मागे चालू लागली. जशी सासरी निघताना चालायची तशी, कळपाच्या डाव्या अंगाला, मागे पडणाऱ्या कोकरांवर नजर ठेवून. तिला पंचांचा निकाल कळला होता की नव्हता, कळूनही ती निघाली होती का, हे आम्ही तिला कधी विचारू शकलो नाही. त्यासाठी लागणारे शब्द तिच्याकडे नव्हते. दाजींनी मागे वळून पाहिले आणि ते थांबले. गडीही थांबला.

मायने ओढ्याशी गाठून तिचा हात धरला.

“न्हाई,” अक्का म्हणाली.

“चल घरी.”

“न्हाई.”

हात सोडवण्यासाठी ती झटत होती आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. दरवेळी मायच्या तोंडाकडे पाहून, मध्ये थांबून, उत्तर येते का ते बघून. मायने हात सोडला नाही. दाजींनी मेंढ्या हाकल्या. ओढ्यापलीकडच्या चढावर कळप दिसेनासा झाला तोवर इकडे कुंपणात उरलेली कोकरे ओरडू लागली होती. त्यांना पाजून आयांना रानात सोडायची वेळ टळून गेली होती. माय अक्काला हाताला धरून तिकडे घेऊन गेली.